हाडं, सांधे, स्नायू : तपासणी कशी होते आणि नेहमीच्या दुखण्यांबद्दलचे प्रश्न

मी परळ भागात फिजिओथेरपी करते. केईएम, वाडिया, टाटा सगळं आसपासच असल्यामुळे पेशंट डहाणूपासून सावंतवाडीपर्यंत कुठूनही येतात, पण प्रश्न मात्र बहुतेकांचे तेच असतात, म्हणून एका जागी लिहून ठेवतेय. एक गोष्ट आधीच सांगते, पुढे ती परत परत येणारच आहे : तुमचं दुखणं नीट ऐकून घेणं आणि हात लावून तपासणं हे पहिलं, फोटो आणि रिपोर्ट त्यानंतर. हे वाचून स्वतःचं निदान करू नका, पण तपासणीला जाताना काय बघितलं जाणारे आणि आपण काय सांगायचं एवढं तरी माहीत असू दे.

तपासणी तपासणी म्हणजे नेमकं काय करता तुम्ही?

खरं तर तुम्ही दारातून आत येता तेव्हाच ती सुरू होते. एका पायावर वजन कमी वेळ टाकताय का, खुर्चीतून उठताना मांडीवर हात दाबून उठताय का, चपला वाकून काढल्यात की पायानेच सरकवल्यात, हे सगळं मी बघत असते आणि पेशंटला वाटतं मॅडम नुसत्या बसल्यात. मग प्रश्न. कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवा म्हणते, कारण कोणी एका टिंबावर बोट ठेवतं आणि कोणी अख्खी कंबर चोळून दाखवतं, दोन्हीचा अर्थ वेगळा. कधीपासून, पडलात का, कशाने वाढतं, कशाने बरं वाटतं, रात्री झोपमोड होते का, सकाळी आखडलेपण किती वेळ राहतं.

मग बघणं, चाचपणं, हलवणं, याच क्रमाने. कपडा बाजूला करून दोन्ही बाजू दिसायला हव्यात, नुसता दुखरा गुडघा दाखवून चालत नाही, तुमचा चांगला गुडघा हेच तुमचं माप असतं. सूज, लाली, वाकडेपणा, स्नायू सुकलेत का ते बघते. मग हाताची मागची बाजू लावून गरम आहे का बघते. निरोगी गुडघा हा मांडी आणि नडगीपेक्षा थोडा गारच लागतो, त्यामुळे गुडघा मांडीइतकाच उबदार लागला तरी कान टवकारतात. मग तुम्ही स्वतः सांधा हलवायचा, आणि नंतर तुम्ही सैल सोडायचं आणि मी हलवणार. या दोन हालचालींमधला फरक फार बोलका असतो : तुम्हाला जमत नाही पण मी सहज पूर्ण हलवू शकते, तर भानगड स्नायू, त्याची दोरी (स्नायू हाडाला जोडणारी, टेंडन) किंवा नस यांच्यात, आणि माझ्यानेही हलत नसेल तर सांधाच अडकलाय. किती अंश हलतं ते कोनमापकाने मोजतो, ताकदीला ० ते ५ मार्क देतो (३ म्हणजे नुसतं स्वतःच्या वजनाविरुद्ध हात-पाय उचलता येतो, माझ्या दाबाविरुद्ध नाही). शेवटी स्पर्श कळतो का, हातोडीने रिफ्लेक्स (आपोआप बसणारा झटका) येतात का, आणि दुखऱ्या सांध्याच्या वरचा आणि खालचा सांधा. ते विसरून चालत नाही, का ते खाली खुब्याच्या प्रश्नात सांगते.

एवढं सगळं करण्यापेक्षा थेट एमआरआय का नाही काढत?

हा प्रश्न रोज येतो. लोकांना वाटतं महागडी तपासणी लिहून दिली म्हणजे डॉक्टर सिरियसली घेतायत. पण २०१५ मध्ये ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या मणक्याच्या स्कॅनचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले गेले, तर विशीतल्या साधारण ३० टक्के लोकांमध्ये दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) फुगलेली सापडली आणि ऐंशीच्या घरात ८४ टक्के. दुखत नसताना! म्हणजे तुमच्या रिपोर्टमध्ये डिस्क बल्ज लिहिलंय याचा अर्थ तुमचं दुखणं तिथूनच येतंय असं होत नाही, तपासणीत जी नस दबलेली वाटते तीच स्कॅनमध्ये दबलेली दिसली तर त्या रिपोर्टला वजन. नाहीतर होतं काय, माणूस रिपोर्ट वाचतो, घाबरतो, वाकायचं सोडतो, चालायचं सोडतो, पट्टा बांधून झोपून राहतो आणि स्नायू कमजोर होऊन दुखणं अजून वाढतं. हे बघून मला फार वाईट वाटतं कारण यातले बरेच जण हळूहळू चालते राहिले असते तर काही आठवड्यांत बरे झाले असते.

एमआरआय लागतो तेव्हा लागतोच आणि मग थांबायचं नाही. तेव्हा म्हणजे कधी ते पुढच्या प्रश्नात.

कुठलं दुखणं साधं आणि कुठल्याला लगेच पळायचं?

हे उत्तर घरातल्या सगळ्यांना वाचायला द्या.

कंबरदुखीबरोबर लघवी अडकली किंवा नकळत व्हायला लागली, शौचावरचा ताबा गेला, किंवा सायकलच्या सीटवर बसतो तेवढा भाग बधीर झाला तर त्याच दिवशी, त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं. मणक्याच्या खालच्या टोकाला नसांचा जो झुपका असतो तो दाबला जातोय, आणि उशीर केला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. लाज वाटून लोक लघवीचं सांगत नाहीत, प्लीज सांगा.

एकच सांधा अचानक सुजला, लाल, गरम, हलवू देत नाही, सोबत ताप : सांध्यात पू झाला असू शकतो, आतली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) काही दिवसांत खराब होते, हा पण थांबायचा विषय नाही.

पडल्यावर आजीचा पाय आखूड दिसतोय, पाऊल बाहेरच्या बाजूला पडलंय आणि उठता येत नाही तर खुब्याचं हाड मोडलेलं धरूनच चाला. मालिश नको, चालवून बघू नका.

आणि पाऊल लटकं पडायला लागलं, हातातली वस्तू गळून पडायला लागली, आधी कॅन्सर झालेल्या माणसाला नवी हाडदुखी सुरू झाली, वजन उतरतंय, रात्री आडवं पडल्यावरच जास्त दुखतं, ही सगळी लवकर दाखवायची दुखणी.

सकाळी बोटं आखडतात. हा वयाचा संधिवात की आमवात?

घड्याळ बघा. उठल्यावर पाच-दहा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात मोकळं होत असेल आणि मग दिवसभर काम करून संध्याकाळी दुखत असेल तर बहुतेक झिजेचा. तास-तासभर मूठ वळत नाही, गरम पाणी घेतल्याशिवाय पोळपाट-लाटणं धरता येत नाही आणि काम करत गेल्यावर उलट बरं वाटतं, तर तो सुजेचा, म्हणजे आमवाताच्या (रुमॅटॉइड आर्थरायटिस, आर.ए.) बाजूचा.

मग बोटं बघायची. झिजेत नखाजवळच्या पेरावर कडक गाठी येतात, बऱ्याच आज्यांच्या हाताला असतात, दिसायला वेड्यावाकड्या पण हाताला गार आणि टणक लागतात. अंगठ्याच्या बुडाशीही दुखतं. आमवात नखाजवळचं पेर सहसा सोडतो आणि मधलं पेर आणि मुठीची टेकाडं धरतो, दोन्ही हातांना सारखा, आणि दाबलं तर ती सूज मऊ, स्पंजसारखी लागते. आम्ही चारही टेकाडं आडवी हलकेच दाबतो, हस्तांदोलन करतो ना तसं, तेवढ्यानेच पेशंट हात मागे घेतो.

आमवात बायकांमध्ये पुरुषांच्या दोन-तीन पट जास्त आढळतो, आणि बायका दुखणं अंगावर काढण्यात पटाईत. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर बोटं वाकडी होणं टाळता येतं. रक्तात आर.ए. फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून आमवात नाही असं नसतं आणि पॉझिटिव्ह आला म्हणून आहेच असंही नसतं. रुमॅटॉलॉजिस्टना (संधिवाताच्या डॉक्टरांना) दाखवा, औषधं वर्षानुवर्षं घ्यावी लागली तरी घ्या.

गुडघ्यातलं ग्रीस संपलंय म्हणे. खरंय का? आणि कटकट आवाज येतो त्याचं काय?

ग्रीस वगैरे संपत नाही. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते ती पातळ होते, खालचं हाड जाड होतं, कडेला टोकं वाढतात, आतलं अस्तर अधूनमधून सुजतं आणि मांडीचा स्नायू हळूहळू सुकत जातो. नुसता आवाज येतोय, दुखत नाही, सूज नाही, तर सोडून द्या.

तपासणीत मी गुडघा पूर्ण सरळ होतोय का हे सगळ्यात आधी बघते, कारण वाकणं कमी झालेलं लोकांना कळतं (मांडी घालता येत नाही, भारतीय संडासात बसता येत नाही) पण सरळ होणं कमी झालेलं कळतच नाही आणि चालण्यात खरा त्रास त्याचा असतो. मग उभं करून पाय धनुष्यासारखे झालेत का, पाणी भरलंय का, मांडीचा घेर कमी झालाय का.

उपायात व्यायामाला पर्याय नाही. मांडी ताठ करून पाय उचलणं, खुर्चीतून हात न लावता उठबस, सपाटीवर चालणं. एक किलो वजन उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, म्हणून पाच किलो जरी उतरलं तरी फरक कळतो. दादर-कुर्ल्याचे पूल टाळता येत नाहीत हे मान्य, पण जिथे सरकता जिना किंवा लिफ्ट आहे तिथे लाजू नका, चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा आधी, कठडा धरून. चाळीत किंवा गावी भारतीय संडास असेल तर वर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते, ती घ्या.

मग गुडघा बदलायचा कधी?

एक्स-रे किती खराब दिसतो त्यावर हे ठरत नाही. नीट व्यायाम, वजन, औषधं सगळं काही महिने मनापासून करूनही रात्री दुखून झोप लागत नाही, बाजारात जाऊन येणंही होत नाही, तेव्हा विचार करायचा. २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या (आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या) किमतींवर मर्यादा आणली, त्यामुळे बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी दाखवायला सांगा. आणि ऑपरेशनच्या आधीपासून मांडीचा व्यायाम सुरू करा, नंतरचे दिवस सोपे जातात.

खांदा वर जात नाही, मागे ब्लाऊजचा हुक लावता येत नाही. फ्रोझन शोल्डर आहे का?

लोक हात वर करून दाखवतात पण मी आधी वेगळीच गोष्ट बघते. कोपर बरगडीला चिकटवून ठेवायचं, काटकोनात, आणि हात बाहेरच्या बाजूला उघडायचा. फ्रोझन शोल्डरमध्ये हीच हालचाल सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त अडकते, आणि मी हलवायला गेले तरी अडकलेलीच राहते. माझ्यानं हात वर जातोय पण तुम्हाला स्वतःला उचलता येत नाही, तर खांद्याच्या स्नायूची दोरी फाटली असू शकते, ती वेगळी गोष्ट, तिला सोनोग्राफी किंवा एमआरआय लागेल.

फ्रोझन शोल्डर साधारण चाळिशी ते साठीत होतो आणि डायबेटीसवाल्यांना जास्त, त्यामुळे खांदा घेऊन आलेल्या माणसाला मी शुगर कधी तपासली होती हे विचारतेच. आधी नुसतं दुखतं, मग दुखणं कमी होऊन आखडतं, मग सुटत जातं, सगळं मिळून वर्ष ते तीन वर्षंही लागतात. दुखण्याच्या टप्प्यात कोणाकडून तरी खेचून ‘मोकळा’ करून घेऊ नका. लोकलमध्ये वरची कडी दुखऱ्या हाताने पकडू नका, धक्का बसला की अख्खं वजन त्या खांद्यावर येतं.

कमरेतून पायात चमक जाते. पाय सरळ उचलून काय बघतात?

तुम्ही उताणे, गुडघा सरळ ठेवून मी पाय वर उचलते. साधारण ३० ते ७० अंशांच्या मध्ये कुठेतरी गुडघ्याच्या खालपर्यंत चमक गेली तर नस ताणली जातेय. नुसती मांडीची मागची शीर ताणल्यासारखी वाटली तर ते नाही. मग पायाचा अंगठा माझ्या बोटाविरुद्ध वर उचलायला सांगते, टाचांवर चालायला, चवड्यांवर चालायला. अंगठा उचलायला कमजोर पडला की पाचवी लंबर (कमरेतली) नस, चवड्यावर उभं राहता येईना आणि टाचेच्या वरचा रिफ्लेक्स गेला की तिच्या खालची, पहिली सेक्रल. हे सगळं पाच मिनिटांत होतं आणि कुठली नस ते बऱ्यापैकी कळतं.

बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. झोपून राहू नका, दुखणं झेपेल तेवढं चालत राहा. ताकद कमी होत चालली असेल तर मात्र वाट बघायची नाही.

कंबरेचे उपचार करून झाले, फरकच नाही. आता काय?

कंबरच दुखतेय ना, हे आधी बघा. एक काका आले होते, हातात एमआरआयची जाडजूड फाइल, गादी सरकलीय म्हणून कित्येक महिने पट्टा आणि गोळ्या. कुठे दुखतं विचारलं तर हात कमरेवर न जाता जांघेत गेला. टेबलावर झोपवून गुडघा वाकवून पाय आतल्या बाजूला वळवला तर वळेचना आणि ते एकदम दचकून उठले. पाठ वाकवून बघितली, काही नाही. दुखणं खुब्यातलं होतं. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होऊन हाड मरतं, त्याला एव्हीएन म्हणतात, आणि हे दुखणं जांघेत, मांडीत, कधीकधी तर नुसतं गुडघ्यात जाणवतं. वरचा आणि खालचा सांधा बघायचाच असतो तो यासाठी.

एव्हीएनची मोठी कारणं म्हणजे स्टिरॉइड आणि दारू. २०२१ मध्ये कोविडमध्ये स्टिरॉइड घेतलेल्या तरुण लोकांमध्ये अशा केसेस मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवल्या होत्या. सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येतो, इथे खरोखर एमआरआय लागतो आणि लवकर लागतो, कारण गोळा खचायच्या आधी बरंच काही करता येतं. आणि नाव नसलेल्या ‘एका आठवड्यात गुण’ वाल्या पुड्या घेत असाल तर कृपा करून बंद करायच्या आधीही डॉक्टरांना दाखवा, कारण अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड निघतं आणि ते अचानक बंद करणंही धोक्याचं असतं.

मणक्याला टीबी होतो हे खरंय?

हो, आणि आपल्याकडे हे विसरून चालणारच नाही. फुफ्फुसात काही नसताना, खोकला नसताना पण होतो. पाठ सतत दुखते, विश्रांतीने बरं वाटत नाही, संध्याकाळी बारीक ताप, भूक गेली, वजन उतरलं. पाठीवरून बोट फिरवत प्रत्येक मणक्यावर हलकं ठोकून बघते, एकाच मणक्यावर टोचल्यासारखं दुखलं किंवा तिथे उंचवटा लागला की पुढच्या तपासण्या लगेच. औषधं साधारण वर्षभर, कधी दीड वर्षही चालतात, सरकारी केंद्रात मोफत मिळतात, आणि वेळेत सुरू झाली तर माणूस पूर्ण बरा होतो. मध्येच सोडायची नाहीत. घरात टीबी झाला म्हणून लपवूनही ठेवू नका.

मुलगा पंचविशीचा आहे, सकाळी पाठ आखडलेली असते, जिमला गेला की बरं वाटतं म्हणतो.

आरामाने वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी पाठदुखी, तीन महिन्यांच्या वर, वय पंचेचाळीसच्या आत, हे अँकिलोझिंग स्पॉण्डिलायटिसचं (मणक्याच्या सुजेच्या संधिवाताचं) लक्षण असू शकतं. पहाटे दुखून जाग येते का आणि डोळा लाल होऊन दुखला होता का तेही विचारा. आम्ही कमरेवर पेनाने दोन खुणा करतो, १५ सेंटिमीटर अंतरावर, आणि वाकायला सांगतो, अंतर २० च्या वर जायला हवं, नाही गेलं तर मणका ताठ होत चाललाय. एचएलए बी२७ ही रक्ततपासणी मदतीला असते पण एकट्या तिच्यावर निदान होत नाही. तरुण मुलांना ‘ऑफिसमध्ये बसून होतं रे’ म्हणून वर्षानुवर्षं उडवून लावलं जातं, तसं करू नका.

युरिक अ‍ॅसिड वाढलंय, डाळ-टोमॅटो बंद करू का?

नको. नुसतं युरिक अ‍ॅसिड वाढलं म्हणजे गाऊट झाला असं नाही, आणि गाऊटच्या अटॅकमध्ये ते नॉर्मलही येऊ शकतं. गाऊट म्हणजे रात्री झोपलात तेव्हा ठीक आणि पहाटे पायाच्या अंगठ्याचं बूड लालबुंद, चादरसुद्धा सहन होत नाही. खात्री करायची तर सुईने सांध्यातलं पाणी काढून त्यात युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक बघतात. कमी करायचं ते बिअर आणि बाकी दारू, कलेजी-भेजा, तारली-कोळंबी आणि गोड कोल्ड्रिंक्स. डाळी आणि पालकाने गाऊट वाढतो असं दिसलेलं नाही.

पावसाळ्यात ताप येऊन गेला, आता सगळे सांधे धरलेत.

चिकनगुन्या असू शकतो. ताप चार-पाच दिवसांत जातो पण घोटे, मनगटं, बोटं आठवडे, काहींची महिनेही दुखत राहतात. गरम शेक, हलकी हालचाल, आणि सूज तीन महिन्यांपुढे राहिली तर रुमॅटॉलॉजिस्ट. एक महत्त्वाचं : ताप चालू असताना डेंग्यू नाही हे कळेपर्यंत डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन असलेल्या गोळ्या घेऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो. तोवर पॅरासिटामॉल.

आईचं मनगट नुसतं हात टेकून पडल्यावर मोडलं. हाडं ठिसूळ झालीत का?

उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं तर तसं धरूनच तपासणी करायची. वाळवी लागलेल्या चौकटीसारखं असतं ते, बाहेरून रंग शाबूत आणि आतून पोकळ, आणि मोडेपर्यंत दुखत नाही. पाळी गेल्यानंतर हाडं झपाट्याने विरळ होतात. मनगट आधी मोडतं, मग मणका खचतो (उंची कमी होते, पाठीला पोक येतो, साडी खाली लोळायला लागते), आणि मग खुबा. म्हणून मनगटाचं प्लास्टर निघालं की विषय संपला असं समजू नका, तीच वेळ असते पुढचा खुबा वाचवायची.

खरी तपासणी डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा), कंबर आणि खुब्याचा. त्यात येणारा आकडा म्हणजे टी-स्कोअर, तो उणे १ च्या वर नॉर्मल, उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, ठिसूळ हाडं. गणपती मंडळाच्या शिबिरात टाच मशीनमध्ये ठेवून जो आकडा देतात त्यावरून निदान होत नाही, फार तर पुढे डेक्सा करायचा की नाही याचा अंदाज येतो.

व्हिटॅमिन डी मुंबईत एवढं ऊन असून कमी निघतं कारण आपण उन्हात असतोच कुठे, घर-रिक्षा-लोकल-ऑफिस. पण साठ हजार युनिटची पुडी ‘आठवड्याला एक’ सांगितली असताना रोज एक घेणारे लोक बघितलेत, त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, किडनीला त्रास असं होऊ शकतं. सांगितलेत तेवढेच आठवडे घ्या. आणि घरातल्या पायपुसण्या, ओली मोरी, रात्रीचा अंधार यांचंही बघा, पडणं टाळलं तर निम्मं काम होतं.

पाय मुरगळला. एक्स-रे काढू की क्रेप बँडेज बांधून बघू?

यासाठी कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी ठरवलेले सोपे नियम आहेत, मोठ्या माणसांसाठी जगभर वापरतात. लंगडत का होईना चार पावलं टाकता येतात का? मग बोटाने दाबून बघायचं : घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही हाडांची मागची कड, टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत, पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जो हाडाचा उंचवटा लागतो तो, आणि आतल्या बाजूचं घोट्यापुढचं हाड. चार पावलं टाकता येत नाहीत किंवा यापैकी कुठेही हाडावर दुखतं, तर एक्स-रे. दोन्ही नसेल तर मोडलेलं असण्याची शक्यता फार कमी. सूज किती आहे यावर जाऊ नका, नुसत्या लचकेनेही पाय टम्म होतो.

गावचे हाडवैद्य चांगलं बसवतात म्हणतात.

लचकेला कोणी लेप लावला तर मी भांडायला जाणार नाही. पण मोडलेल्या हाडाला बांबूच्या कामट्या घट्ट बांधणं, तेही लहान मुलाच्या कोपराजवळ, याने हात गेलेली मुलं ऑर्थोच्या वॉर्डात येतात. सूज वाढत जाते, बंध घट्ट होतो, आतला दाब वाढून स्नायूंना रक्तच मिळत नाही. हेच हॉस्पिटलच्या प्लास्टरमध्येही होऊ शकतं. खूण लक्षात ठेवा : गोळी देऊनही दुखणं वाढतच चाललंय आणि बोटं कोणी हळूच सरळ केली तरी मूल किंचाळतं. बोटं बधीर, फिकी, हलत नाहीत व्हायची वाट बघायची नाही, हात छातीच्या पातळीवर धरून थेट हॉस्पिटल, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

आणि दहीहंडीच्या पथकांना हात जोडून सांगणं आहे. वरून पडलेल्या पोराला दोघांनी हातापायाला धरून उचलून टेम्पोत टाकायचं नाही. मान दुखतेय, हातपाय बधीर आहेत किंवा शुद्ध नाही तर आहे तिथेच सरळ ठेवा, एकाने डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा, १०८ लावा. मणक्याला झालेली इजा उचलताना वाढली तर पोरगा आयुष्यभर खुर्चीत बसतो. हेल्मेट आणि खाली गाद्या हे नुसते फोटोपुरते ठेवू नका.

रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं.

अंगठा, तर्जनी, मधलं आणि अनामिकेचा अर्धा भाग, असं असेल तर मनगटात नस दाबली जातेय, कार्पल टनेल. करंगळीला मुंग्या असतील तर नस वेगळी, कोपराजवळची. दोन्ही मनगटं खाली वाकवून हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना लावून मिनिटभर धरा, मुंग्या आल्या तर दाखवायला जा. गरोदरपण, थायरॉइड, डायबेटीस यांत जास्त होतं. रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट बांधून बऱ्याच जणींना आराम पडतो. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग सुकायला लागला तर ऑपरेशनला उशीर करू नये.

सकाळी पहिली पावलं टाकताना टाच दुखते.

प्लांटर फॅसायटिस, म्हणजे तळव्याच्या जाड पट्ट्याचं दुखणं. पोटऱ्या आणि तळव्याचं स्ट्रेचिंग रोज, घरात फरशीवर अनवाणी चालू नका, मऊ चप्पल. एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं तरी ते काढायची सहसा गरज नसते, दुखत नसलेल्यांनाही ते असतं.

बाळाचे पाय वाकडे दिसतात, काळजी करू का?

दोन वर्षांपर्यंत पाय थोडे धनुष्यासारखे आणि मग तीन-चारच्या सुमारास गुडघे एकमेकांना लागणारे, हे नॉर्मल आहे, सातच्या आसपास सरळ होतात. एकच पाय वाकडा, वाढतच चाललाय, मनगटं जाड दिसतात तर मुडदूस (हाडं मऊ पडण्याचा आजार) आहे का बघावं लागतं. जन्मतः पाऊल आत वळलेलं असेल तर पहिल्या काही आठवड्यांतच दर आठवड्याला प्लास्टर बदलत सरळ करतात, नंतर चार वर्षांचं होईपर्यंत रात्री बूट घालावे लागतात आणि आई-बाप तिथेच कंटाळतात, मग पाऊल परत वळतं. बूट सोडू नका.

शाळेतल्या मुलींना एकदा पुढे वाकायला सांगून मागून बघा, एका बाजूची बरगडी वर आली तर मणका वळतोय का ते तपासून घ्या. रात्री दोन्ही पाय दुखतात, चोळल्यावर झोपतो आणि सकाळी उड्या मारतो, ते वाढीचं दुखणं. लंगडतोय, किंवा लंगडतोय आणि ताप आहे, ते नाही, त्याच दिवशी दाखवा. आणि रस्ता ओलांडताना छोट्या पोराला मनगटाला धरून झटक्यात वर ओढू नका, कोपराचं हाड जागेवरून सरकतं आणि मूल हात हलवायचंच बंद करतं.

तपासणीला येताना काय आणू?

सैल कपडे घाला, पॅन्ट गुडघ्याच्या वर सरकेल अशी. रोजची चप्पल घालून या, नवी नको, झिजलेली चप्पलही मला बरंच सांगते. जुन्या एक्स-रेच्या फिल्मच आणा, नुसता मोबाइलवरचा फोटो नको. चालू सगळ्या गोळ्या पाकिटासकट, आयुर्वेदिक आणि पुड्याही, कारण बीपीची, किडनीची, रक्त पातळ करायची गोळी चालू असताना मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या पेनकिलरने नुकसान होतं आणि ते मला नावं बघितल्याशिवाय कळणार नाही. तपासायच्या आधी सकाळी पेनकिलर घेतली असेल तर तसं सांगा. बाईंना बाईच तपासायला हवी असेल तर केसपेपर काढतानाच सांगा, बहुतेक ठिकाणी सोय होते, नाहीतर घरचं कोणीतरी आत थांबू शकतं. आणि दुखणं सांगायला घरच्यांना पुढे करू नका, सासूबाईंचा गुडघा सासूबाईंनीच सांगायचा, सुनेने बाजूला बसून राहिलेलं सांगायचं.